मानेवरचा बुचडा

“अंबाडा घातलाय ना? मग त्या लाइनीत जा. बायकांच्या.”

आमच्या खात्याचे साहेब हे हसत बोलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही काहीतरी बोललो असतो.

सिल्वासाच्या सूत कंपनीचं गेट. पहिली पाळी सुटलेली. कंपनीतून सुताची रिळं चोरीला जातात म्हणून तेव्हा नुकतीच झडती चालू झाली होती. गेटवर दोन लाइनी. एक बाप्यांची, एक बायांची. बाप्यांचे खिसे आणि डबे वॉचमन चाचपायचा. बायांची झडती बाईच घ्यायची. मी बाप्यांच्या लाइनीत डबा उघडून उभा होतो. साहेबांचं बोलणं ऐकून वॉचमननं माझा दंड धरला आणि मला पलीकडं ढकललं.

“जाओ महारानी, उधर.”

सगळी लाइन हसली. माझ्याच खात्यातली माणसं. ज्यांच्या डब्यातली चटणी मी खाल्ली होती, ती. माझा खोलीभाऊ दिलवर तेवढा हसला नाही. तो खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडं बघत बसला.

बायांच्या लाइनीत मी. पुढच्या बाया आपापले अंबाडे सोडून, झटकून, पुन्हा बांधत सरकत होत्या. लाइनीच्या टोकाला रमीला. किलवणीची वारली बाई. आमच्याच खात्यात काम करायची, पण झडतीचं काम साहेबांनी तिच्या गळ्यात मारलं होतं. माझा नंबर आला तशी तिनं माझ्याकडं न बघता नुसता हात हलवला. जा पुढं.

“अहं,” साहेब मागून म्हणाले. “अंबाड्यात बघ की. आख्खं रीळ मावेल.”

रमीला थांबली. मग तिनं माझ्या मानेमागं हात नेला आणि फणी ओढून काढली.

केस सुटले. तोंडावर आले, खांद्यावरून कमरेपर्यंत आले. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, “नाच रे, नाच!” माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात झाकण. केस गोळा करायला हात नाही. डबा खाली ठेवायचं साधं सुचलं नाही मला. तसाच उभा. त्या केसांच्या आत तोंड होतं हे बरं होतं, कुणाला दिसलं नाही. धरणीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते मी त्या दिवशी खरोखर मागितलं.

माझ्या बापानं केस सोडलेले मी जन्मात एकदाच पाहिले होते. घरात मढं होतं तेव्हा. आणि इथं मी धडधाकट, हातात डबा घेऊन, भर दुपारी.

मी भील. अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यात आमचं गाव. आमच्याकडं जुन्या बाप्यांचे केस लांबच असायचे. मानेवर बुचडा, त्यात लाकडाची फणी खोवलेली. माझ्या वयाची पोरं तोवर कापायला लागली होती. बाजाराच्या दिवशी शहादा-तळोद्याला जाऊन भांग पाडून यायची. मी कापले नाहीत, कारण ते माझे नव्हतेच. माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली. मी पोटात असताना तिनं आमच्या देवीला, याहामोगीला नवस केला. हा जगू दे. याचं लगीन होऊन पहिलं लेकरू तुझ्या पायावर घालीन, तोवर याच्या केसाला लोखंड लागणार नाही.

मी जगलो. केस वाढले.

बुचडा बांधायला बापानं शिकवलं. माणसं समजतात की केस गुंडाळले की झाला बुचडा. तसं नसतं. मोहाच्या बियांचं तेल बोटांना, डोक्याला नाही. केस विंचरायचे ते वाकून, म्हणजे सगळे एका बाजूला पडतात. मग मागं घेऊन मुठीत धरायचे, उजवीकडं पीळ द्यायचा, पीळ आपल्या आपण वळायला लागला की त्याला वळू द्यायचं. जबरदस्ती करायची नाही. शेंडे आत दडपायचे. फणी आडवी. कुठं बसवायचा, त्याला बापाकडं पक्की जागा होती. मानेच्या खड्ड्याच्या जरा वर. तिथं त्याचा भार कळत नाही, ओझं वाहताना मध्ये येत नाही आणि झोपताना कुशीवर झोपलं की झालं. बाप माझ्या मागं बसायचा आणि बोट ठेवायचा. “इथं. हे आपलं ठिकाण.” एवढंच बोलायचा.

तर असा बुचडा घेऊन मी दिलवरच्या मागं सिल्वासाला आलो. त्या काळात तिथं कंपन्या एकामागून एक उभ्या राहत होत्या. धुळ्याकडची, साक्रीची, नवापूरची पोरं गाड्या भरून येत होती. सिल्वासाच्याच आमलीत पत्र्याच्या चाळीत खोली. मला लगेच काम लागलं. गावाकडं बायको गुली, तिला दिवस गेलेले. म्हणजे नवस फिटायला आता थोडंच राहिलं होतं. आई निरोप पाठवायची, जप. कशाला जप हे सांगायची नाही. मला कळायचं.

गेटवरच्या त्या दिवसानंतर मी दोन दिवस कामावर गेलोच नाही. ताप आला म्हणून सांगितलं. ताप कसला! तोंड दाखवायचं नव्हतं.

“काप ना भो,” दिलवर म्हणाला. “मोगी काय इथं आमलीत येते का बघायला?”

मी गेलो कापायला. आमलीच्या नाक्यावर सलून होतं. फिरती खुर्ची, समोर आरसा, मागं आरसा. त्या मागच्या आरशात मी पहिल्यांदा माझा बुचडा स्वतः बघितला. तोवर तो मला हातालाच माहीत होता. चांगला दिसत होता हो. सलूनवाल्यानं फणी काढली, कात्री उचलली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची ती दोन लेकरं आली. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी आली. आणि गुलीचं पोट. मी खुर्चीवरून उठलो.

“काय रे, दात उपटायला आलायस का एवढं घाबरायला?” सलूनवाला हसून म्हणाला.

नवस खरा की खोटा हे मला विचारू नका. मी तेव्हाही विचारलं नाही. पण आपल्या कात्रीनं आपलं लेकरू गेलं असा विचार एकदा मनात शिरला की तो निघत नाही. आणि नोकरी पण पाहिजेच होती. गुली बाळंत व्हायची होती, गावाकडं सगळ्यांचे डोळे माझ्याकडं लागलेले. केस ठेवावे तर गेट, कापावे तर लेकरू. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते कळलं.

मग लपवायचे प्रकार सुरू केले. माकडटोपी घातली. मे महिन्यात, मशीनच्या उकाड्यात. घामानं डोकं भिजून वास मारायला लागलं, साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, “महारानीला आंघोळीला पाठवा रे कोणी.” मग वेणी घातली आणि ती सदऱ्याच्या आत सोडली. एकदा वाकलो तर वेणी बाहेर आली आणि सूत कातायच्या फिरत्या चातीच्या वीतभर अंतरावरून गेली. दिलवरनं मला मागं ओढलं म्हणून, नाहीतर डोक्याची कातडी सोलून निघाली असती. त्यानं मला आईवरून शिवी दिली आणि मग खाली बसून रडला. लाज लपवायला मी डोकं द्यायला निघालो होतो.

अशातच आमलीत एक साधू आला. जटा, आणि त्यांचा डोक्याच्या मधोमध बांधलेला जुडा. अंगाला राख. चहावाल्यानं त्याला पहिला चहा दिला, बाक पुसून दिला. रस्त्यानं जाणारी बाई स्कूटरवरून उतरली आणि पाया पडली. मी आणि दिलवर समोर उभे होतो. दिलवर माझ्याकडं बघायला लागला.

“भाऊ,” तो म्हणाला, “केस तर तुझे त्याच्यापेक्षा साफ आहेत.”

खोलीवर आल्यावर त्यानंच बांधला. केस वर ओढले, टाळूवर गोळा केले, भगव्या चिंधीनं करकचून आवळले. कपाळाला हळद लावली. फणी ठेवून दिली मी पत्र्याच्या पेटीत. टाळू ताणून डोळे बारीक झाले होते माझे. दिलवर म्हणाला, “बघ, रागीट दिसतोस. बरं आहे.”

दुसऱ्या दिवशी गेटवर तोच वॉचमन. ज्यानं दंड धरून ढकललं होतं तो. त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं, दोन पावलं मागं सरला आणि हात जोडले.

“जय हो, महाराज.”

तेच केस बरं का! तेच डोकं, तेच तेल. चार बोटं वर गेले एवढंच. मी आत गेलो आणि संडासात जाऊन बसलो. कालपर्यंत मी ज्या माणसाला गळा दाबून मारावं म्हणत होतो, त्यानं हात जोडले होते आणि मला बरं वाटलं होतं. हे बरं वाटणं मला सगळ्यात जास्त लागलं. हात मला जोडलेच नव्हते हे मला तिथंच कळलं होतं, तरी बरं वाटलं.

मग माझं नशीबच फिरलं म्हणा. झडतीत वॉचमन माझ्या डब्याला हात लावेना. साहेब आधी “ए” म्हणायचे, ते “महाराज” म्हणायला लागले. आधी थट्टेनं, मग खरंच. साहेबांना महाराज सोयीचा होता. त्यांचं मशीन मध्येच बंद पडायचं, तर मला बोलवायचे, “महाराज, तुमचा हात लावा.” मी बटण दाबायचो, मशीन चालायचं. ते कुणीही दाबलं असतं तरी चाललं असतं. आधी मी चहा प्यायचो खिडकीत उपड्या ठेवलेल्या वेगळ्या गिलासातून. तो गिलास कुणाकुणासाठी होता ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही. आता मला कपबशी आली. कुणी मला जात विचारली नाही. कुठला म्हणून विचारलं तर मी हात वर करायचो. वरचा, म्हणजे सातपुडा. त्यांना वाटायचं आभाळ.

आणि मी गप्प बसायचो. तोंड उघडलं तर बोलीवरून कळेल म्हणून.

टाळू दुखायची. सकाळी भगवी चिंधी आवळली की संध्याकाळपर्यंत डोळ्यांत पाणी. केसांच्या मुळांना फोड आले. तरी सोडायचो नाही, खोलीवर पण नाही, कोण बघेल काय नेम. एकदा बाप गावाहून नाचणी घेऊन येतो असा निरोप आला, तर मी सांगून पाठवलं, येऊ नका, पाळ्या बदलल्या आहेत. कोणत्या तोंडानं दाखवणार होतो त्याला टाळू? त्यानं बोट ठेवलं असतं मानेवर.

रमीलाशी मी बोलत नव्हतो. तिनं माझे केस सोडले होते. साहेबांचा राग साहेबांवर काढता येत नव्हता, तो मी तिच्यावर काढून ठेवला होता. एकदा पाळी सुटायच्या आधी हात धुवायच्या नळावर आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, “भाई, डोका दुखत नाय का तुझा? किती वर ओढलास.”

मी तडकलो. म्हणालो, “तू बोलू नको. तू माझे केस सोडले भर गेटवर. तुला लाज नाही वाटली?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिचा आवाज चढला. वारली बाई, कधी मोठ्यानं न बोलणारी.

“तुझा सोडला एक दिवस, तर तू मेलास? आमचा रोज सोडतात! रोज, कळला? माझा, तिचा, त्या म्हातारीचा. पुढून पुरुष बघतात, तो साहेब उभा राहून बघतो. तू पण बघत होतास लाइनीतनं. तुला वाटली लाज?”

मी खरंच बघत होतो. रोज. बाया अंबाडे सोडून झटकायच्या आणि मला ते पाळी सुटल्याच्या भोंग्याइतकं नेहमीचं वाटायचं. मला लाज माझ्या केसांची वाटली नव्हती. मला बाईसारखं वागवलं याची लाज वाटली होती. म्हणजे बाईला तसं वागवलं तर ठीक, असं मीच धरून चाललो होतो की.

नळ बंद करून ती जाता जाता म्हणाली, आता हळू, “माझा बाप पण मानेवर बांधायचा. किलवणीत आता कोणी नाय बांधत. तुला पहिल्या दिवशी बघितला तेव्हा वाटला, आपला माणूस आला कंपनीत.” आणि मग, “आता तू बाबा झालास. बाबाशी काय बोलू मी.”

साहेबांनी हसून जे केलं, वॉचमननं ढकलून जे केलं, त्यापेक्षा हे जास्त झोंबलं. मी जो नव्हतो ते काहीतरी त्यांनी मला म्हटलं होतं. हिनं मी जे केलं होतं तेच म्हटलं.

दसरा आला. कंपनीत मशीनची पूजा. झेंडूची तोरणं, पेढ्यांचे खोके. शेठची म्हातारी आई येणार, तिला सगळे बा म्हणायचे. साहेबांची सकाळपासून धावपळ. मला बोलावून त्यांनी नवं धोतर दिलं आणि मशीनसमोर पाट मांडून त्यावर बसवलं. म्हणाले, “नुसतं बसायचं. बोलायचं नाही. बा फार धार्मिक आहेत, त्यांना बरं वाटेल.” खात्यातल्या बायांना दाराबाहेर उभं केलं होतं. पूजेच्या जागी गर्दी नको म्हणून. बाप्ये आत होते, त्यांची गर्दी होत नव्हती. दारातून रमीला दिसत होती.

बा आल्या. पांढरी साडी, वाकलेल्या, हाताला धरून आणलेल्या. माझ्या आईपेक्षा कितीतरी म्हाताऱ्या. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. माझे पाय! सातपुड्याच्या दगडांनी टाचा फुटलेले. मी पाय मागं घेतले, तर साहेबांनी डोळे मोठे केले. त्या म्हातारीची बोटं थंड होती. ती मनापासून वाकली होती आणि मी तिच्यासमोर एक खोटी वस्तू होऊन बसलो होतो, साहेबांनी सजवून ठेवलेली. मला तिची पण लाज वाटली आणि माझी पण.

उठून त्या म्हणाल्या, “महाराज, तमे कई नातना?”

नात म्हणजे जात. पाया आधी पडल्या, विचारलं नंतर. चूक झाली त्यांची.

साहेब पटकन पुढं झाले. “बा, गिरनारकडचे आहेत. मौन पाळतात.”

मौन! माझं आयुष्यभराचं गप्प बसणं त्यांनी एका शब्दात पुण्यवान करून टाकलं. सगळी माणसं माझ्याकडं श्रद्धेनं बघायला लागली. मी दाराकडं बघितलं. रमीला तोंड फिरवून उभी होती. तिला ठाऊकच होतं मी गप्प बसणार ते.

“हुं भील छुं, बा,” मी म्हणालो. “अक्कलकुव्याकडचा. मला कोणी गुरू नाही. केस आईच्या नवसाचे आहेत. मी इथं मशीनवर काम करतो.”



बा ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला, धरून आणणाऱ्या बाईकडं दिला आणि म्हणाल्या, “पाणी.” तांब्या आला. त्यांनी तिथंच, सगळ्यांच्या समोर, बोटं धुतली. एकेक. मग माझ्या खालचा पाट बदलायला सांगितला. लोक मला नंतर समजवायचे, जुनी बाई, तिचा काय दोष. नसेल. पण पाणी तिनंच मागितलं, आणि ज्या बोटांनी माझे पाय शिवले तीच बोटं धुतली. धोतर अंगावर होतं माझ्या, तरी मला नागडं केल्यासारखं झालं. तेवढी लाज मला गेटवर पण वाटली नव्हती.

साहेब माझ्या कानाशी आले. हसत नव्हते आता. “उद्या गोटा करून ये. नाहीतर येऊ नकोस.”

मी उठलो. जायला निघालो. खाली मान घालून. दारापर्यंत गेलो आणि माझ्या टाळूत अशी कळ आली की बस. एवढे महिने सोसलेली कळ. मी तिथंच थांबलो, भगवी चिंधी धरली आणि ओढून काढली. केस सुटले. परत. सगळ्यांसमोर. पण या वेळी ते मी सोडले होते.

वाकलो. सगळे एका बाजूला घेतले, मागं नेले, मुठीत धरले. पीळ दिला. वळू दिला. मानेच्या खड्ड्याच्या वर, बापाचं बोट होतं तिथं आणला. शेंडे आत दडपले. फणी नव्हती. ती खोलीवर पेटीत. बुचडा हातात धरून मी तसाच उभा राहिलो, सोडला तर सुटणार. रमीलानं स्वतःच्या डोक्यातली फणी काढली. लाल प्लास्टिकची, दात मोडलेली. दिली. बाईची फणी. मी ती सगळ्यांच्या देखत माझ्या बुचड्यात खोवली.

मागून कुणीतरी हसलं. हसू दे. मला त्या हसण्यात आता काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. गोटा न करता. साहेब उशिरा यायचे, वॉचमन बघतच राहिला, मी आत गेलो आणि मशीनला लागलो. दिलवर म्हणाला, “मरशील.” मग माझ्या शेजारचं मशीन घेतलं त्यानं. दिवसभर साहेब काचेतून बघत होते. मशीन चालू असताना काढायला नको म्हणून थांबले होते, हे मला कळत होतं.

पाळी सुटली. गेट. दोन लाइनी. मला कुणी ढकललं नाही. मी माझ्या पायानं बायांच्या लाइनीत जाऊन उभा राहिलो. बाया बाजूला सरकल्या, एक म्हातारी लेकाला बोलवावं तशी म्हणाली, “ये दीकरा.” घरी बाळंतपण, हातात हीच नोकरी. मी धाडसी माणूस नाही, हे सांगून ठेवतो.

साहेब आले. “सोड तो अंबाडा.”

“बुचडा आहे,” मी म्हणालो. “खिसे बघा. डबा बघा. केसाला हात लावायचा नाही.”

“रमीला, काढ फणी.”

फणी तिचीच होती. रमीलानं हात पाठीमागं बांधले.

“नाय काढत. आजपासून कोणाची पण नाय काढणार. माझी पण कोणी काढायची नाय.”

ती म्हातारी पुढं झाली. अंबाडा तसाच ठेवून, डबा उघडून दाखवून, गेटातून बाहेर गेली. तिच्या मागं दुसरी. मग बाकीच्या. वॉचमन साहेबांकडं बघत होता, साहेब वॉचमनकडं. शेवटी मी बाहेर पडलो.

त्याच संध्याकाळी मला कामावरून काढलं. रमीलाचं झडतीचं काम काढून घेतलं आणि तिला सगळ्यात उकाड्याच्या मशीनवर टाकलं. झडतीला दुसरी बाई आणली. थोड्या दिवसांनी पुन्हा अंबाडे सोडायला लावायला लागले, असं दिलवर सांगायचा. काही बाया सोडायच्या. काही सोडायच्या नाहीत, उभ्या राहायच्या. गोड शेवट हवा असेल त्यानं दुसरीकडं बघावं.

गुलीला मुलगी झाली. महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही तिला घेऊन याहामोगीच्या डोंगरावर गेलो. आईनं मुलगी देवीच्या पायावर ठेवली. नवस फिटला. खाली ओढ्याकाठी न्हावी बसलेला, वस्तरा पाजळून, पाण्याची वाटी भरून. आईच्या चेहऱ्यावरचं एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. ती म्हणाली, “बस बाबा. सुटलास.”

मी बसलो नाही. तिला वाटलं मी घाबरलो. मी म्हणालो, “आई, देवीचं देवीला दिलं. आता हे माझे.”

ती रडली. बाप उठला. माझ्या मागं येऊन त्यानं बुचड्यातली लाल प्लास्टिकची फणी चाचपून बघितली, जरा सरळ केली आणि पुन्हा बसवली.

त्यानंतर सिल्वासात मी पुष्कळ कंपन्यांच्या गेटवर उभा राहिलो. काही ठिकाणी तोंडावर हसले, काही ठिकाणी सरळ नाही म्हणाले. एका ठिकाणी पुन्हा कुणीतरी सुचवलं, वर बांध, महाराज म्हणून खपून जाशील. लाज अजून येते मला, खोटं कशाला बोलू. कुणी डोक्याकडं बघितलं की पहिल्यांदा मान खालीच जाते. ती सवय हाडात आहे. पण मान खाली गेली की मानेवरचा बुचडा समोरच्याला नीट दिसतो. दिसू दे.

मी तो वर बांधणार नाही. टोपीखाली घालणार नाही. तुमच्या देवासाठी नाही, तुमच्या मशीनसाठी नाही. माझी मुलगी आता केस विंचरायला लागली आहे, तिला मी पीळ द्यायला शिकवतोय. गेटवर कुणी सोड म्हणालं तर काय म्हणायचं, ते पण शिकवतोय. नाही म्हणायचं. एकदाच, मोठ्यानं, आणि हात मागं बांधून उभं राहायचं.